मिठाच्या मैदानावरची पहिलटकरीण



आजच्या भागात आपण मोटरसायकलच्या वेगाचा इतिहास ऐकणार आहोत. काही जणी लगेच म्हणतील, त्यात आपलं काय? शर्यती पोरांच्या, पेट्रोल पोरांचं, आणि घोर मात्र आईच्या जिवाला. पण आम्ही हा विषय मुद्दाम निवडला आहे. कारण ही गोष्ट जितकी वेगाची आहे, तितकीच पहिल्यांदा मैदानात उतरणाऱ्या माणसाची आहे. पहिल्या खेपेच्या गरोदर बाईला आपण पहिलटकरीण म्हणतो. तिला कोणी हसत नाही. उलट घरातल्या जाणत्या बायका तिच्याजवळ बसतात, काय खायचं, काय उचलायचं नाही, कळा सुरू झाल्या की काय करायचं ते समजावतात. जगात एक मैदान असं आहे, जिथं वेगाच्या शर्यतीला आलेल्या नवख्या माणसालाही असंच जवळ बसवून शिकवतात. त्या मैदानाची आणि तिथं पोचलेल्या बायकांची ही गोष्ट आहे.

मैदान अमेरिकेत आहे, युटा नावाच्या राज्यात, नेवाडा राज्याच्या सीमेलगत. नाव आहे बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स. सॉल्ट म्हणजे मीठ आणि फ्लॅट म्हणजे सपाट. नजर जाईल तिथवर पांढरं मीठ. झाड नाही, चढ नाही, उतार नाही. हजारो वर्षांपूर्वी, हिमयुगात, तिथं एक अवाढव्य तळं होतं. हवा बदलली, तळं आटत गेलं आणि तळाशी मीठ राहिलं. अजूनही दर हिवाळ्यात त्यावर थोडं पाणी साचतं. उन्हाळ्यात ते वाऱ्यावर हलत, पसरत आटतं आणि मीठ पुन्हा सारवल्यासारखं सपाट होतं. कोकणातल्या मैत्रिणींनी मिठागरं पाहिली असतील. तिथले वाफे माणसं बांधतात, इथला वाफा निसर्गानंच मैलोन्‌मैल घातला आहे.

१९१४ पासून तिथं वेगाचे विक्रम नोंदवले जाऊ लागले. १९४९ पासून दर ऑगस्टमध्ये ‘स्पीड वीक’ म्हणजे वेगाचा आठवडा भरू लागला. त्याशिवाय केवळ मोटरसायकलींच्या वेगळ्या स्पर्धाही तिथं होतात.

आता ही शर्यत कशी असते ते समजून घेऊ. आपल्या डोळ्यांसमोर शर्यत म्हटलं की बैलगाड्या येतात. गाड्या एकदम सुटतात, धुरळा उडतो, आणि पहिला कोण ते सगळ्यांना दिसतं. इथं तसं नाही. इथं एका वेळी एकच गाडी सुटते. शेजारी कोणी नसतं. सुरुवातीला वेग घ्यायला काही मैल मिळतात, मग मोजणीचा मैल येतो. मैल म्हणजे दीड किलोमीटरहून थोडं जास्त. त्या मैलाच्या दोन्ही टोकांना यंत्रं लावलेली असतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला किती वेळ लागला, त्यावरून वेग काढतात. तासाला २०० मैल, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरच्या वेगानं गेलं, तर तो मैल १८ सेकंदांत संपतो.

एकदा जोरात गेलं म्हणून विक्रम होत नाही. दोनदा जावं लागतं. काही स्पर्धांत ठरलेल्या वेळेच्या आत त्याच वाटेनं उलट दिशेनं परत यावं लागतं, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा एकाच बाजूला राहत नाही. काही स्पर्धांत पहिल्या फेरीनंतर गाडी पंचांच्या ताब्यातल्या आवारात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी फेरी घेतात. दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढतात, आणि ती जुन्या आकड्याच्या वर गेली तरच नवा विक्रम. एखाद्या दिवशी नशिबानं साथ दिली, एवढ्यावर भागत नाही. केलेलं पुन्हा करून दाखवावं लागतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. बैलगाडा शर्यतीत आदत बैलांचा गट वेगळा ठेवतात, तसे इथं इंजिनाच्या मापाप्रमाणे, गाडीच्या बांधणीप्रमाणे आणि इंधनाप्रमाणे गट असतात. लहान इंजिनाच्या गाडीची तुलना लहान इंजिनाच्याच गाडीशी होते. त्यामुळे गरिबाची छोटी गाडीसुद्धा तिच्या गटात विक्रम करू शकते.

आता समजा, नव्यानं आलेली एक बाई या मैदानावर उभी आहे. तिचा दिवस कसा जातो?

पहिलं काम कागदांचं. नाव, गाडीचा गट, वैद्यकीय माहिती. दुसरं काम तपासणी. जाणते तपासनीस गाडीभोवती बसून एकेक वस्तू हाताळून बघतात. टायर त्या वेगाचा आहे का, इंधनाची नळी पक्की आहे का, हँडल थरथरू नये म्हणून लावलेला दांडा ठीक आहे का. टायरच्या व्हॉल्व्हवर प्लास्टिकची टोपी चालत नाही, धातूचीच लागते. अंगात कातड्याचा पूर्ण पोशाख, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, हातमोजे, बूट. शिवाय एक दोरी. तिचं एक टोक चालकाला बांधलेलं असतं आणि दुसरं इंजिन बंद करणाऱ्या बटणाला. चालक गाडीवरून पडली तर दोरी ओढली जाते आणि इंजिन आपोआप बंद पडतं.

तिसरं काम शिकवणीचं. नवख्या माणसांची वेगळी बैठक घेतात. मार्ग कुठून सुरू होतो, मैलाच्या खुणा कशा ओळखायच्या, मोजणी संपल्यावर कोणत्या बाजूला वळून बाहेर पडायचं, गाडी बंद पडली तर काय करायचं, हे सगळं सांगतात. मग पहिली फेरी. ही फेरी विक्रमाची नसते, मर्यादित वेगाची असते. ती नीट झाली की पुढच्या वेगाचा परवाना, तो वेग नीट झाला की त्याच्या पुढचा. पायरी गाळून वर जाता येत नाही. कितीही पैसेवाला असो, किती का मोठी गाडी आणलेली असो, पहिल्या दिवशी तो पहिल्याच पायरीवर.

एवढं झाल्यावर वाट बघणं. रांगेत तास तास जातात. वरून ऊन आणि खालून मिठावरून परत येणारं ऊन. त्यामुळे हनुवटीच्या खाली आणि नाकाच्या आतल्या बाजूलासुद्धा चटके बसतात. मीठ बुटांना, कपड्यांना, गाडीच्या फटीफटींत चिकटतं आणि पुसलं नाही तर लोखंड खातं. गाडी उभी करतात तिथं खाली ताडपत्री अंथरावी लागते, तेलाचा थेंब मिठावर पडता कामा नये म्हणून.

शेवटी पाळी येते. सोडणारा माणूस हेल्मेटचा पट्टा, दोरी, सगळं पुन्हा एकदा बघतो आणि खूण करतो. मीठ डांबरासारखं टायर धरून ठेवत नाही, मागचं चाक घसरत फिरतं. म्हणून मूठ एकदम पिळायची नसते, हळूहळू वेग घ्यायचा असतो. चहूकडे सारखंच पांढरं असल्यामुळे आपण किती जोरात चाललोय ते डोळ्यांना नीट कळत नाही. बाजूनं वाऱ्याची झुळूक आली तरी गाडी जागची हलते. मोजणीचा मैल संपला की ब्रेक दाबायचा नाही, वेग आपला आपण उतरू द्यायचा. आणि मग परतीच्या वाटेवर एक छोटीशी चिठ्ठी हातात मिळते. तिच्यावर तिचा वेग छापलेला असतो.

तुम्ही विचाराल, बक्षीस किती? पैशाचं बक्षीसच नाही. चिठ्ठी मिळते, विक्रम झाला तर नोंदवहीत नाव लागतं. तासाला २०० मैलांच्या वर विक्रम करणाऱ्यांचा एक क्लब आहे, त्यांना लाल टोपी मिळते. बस. त्या टोपीसाठी माणसं वर्षानुवर्षं पै-पै साठवून तिथं येतात.

अशाच एका नवख्या म्हाताऱ्याची गोष्ट जगभर गाजली. त्याचं नाव बर्ट मन्रो. राहणारा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या इन्व्हरकारगिल गावचा. १९२० साली त्यानं ‘इंडियन’ कंपनीची स्काउट नावाची मोटरसायकल घेतली. नाव इंडियन असलं तरी कंपनी अमेरिकेची, आपल्या देशाशी तिचा संबंध नाही. ती गाडी मुळात तासाला जेमतेम ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर धावणारी. मन्रोकडे कारखाना नव्हता आणि पैसाही बेताचा. तो जुने डबे वापरून त्यात इंजिनाचे पिस्टन ओतायचा, भाग हातानं घासून घडवायचा. एक भाग तुटला की दुसरा करायचा. अशी चाळीसेक वर्षं गेली. १९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, तीच गाडी घेऊन तो बॉनव्हिलच्या मिठावर शर्यतीला उतरला आणि आपल्या गटात तासाला १७८ मैलांच्या वर, म्हणजे २८८ किलोमीटरचा विक्रम करून गेला.

१९६७ मध्ये त्यानं आणखी एक विक्रम केला. त्यातला हिशेब आपल्या गटांच्या हिशेबनीस ताईंनी जरूर तपासून पाहावा. दोन फेऱ्यांचे वेग होते तासाला १८४.७१० मैल आणि १८३.४६३ मैल. बेरीज करा, दोननं भागा. १८४ च्या थोडं वर येतं ना? पण वहीत लिहिलं गेलं १८३.५८६. ही चूक त्याच्या मुलाच्या लक्षात आली २०१४ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी. तोपर्यंत मन्रो जाऊनही ३६ वर्षं झाली होती. अमेरिकेच्या मोटरसायकल संघटनेनं हिशेब पुन्हा मांडला आणि आकडा १८४.०८७ असा सुधारला. नोंद नीट ठेवली, दोन्ही आकडे जपून ठेवले, म्हणूनच ही दुरुस्ती होऊ शकली. आपल्या कष्टाची नोंद नसेल तर चूक झाली हेसुद्धा कोणाला कळत नाही.

आता बायकांकडे येऊ. वेगाच्या इतिहासात बायका काल-परवा आल्या असं समजू नका. त्यांचा माग काढायला बॉनव्हिल सोडून आपल्याला थोडा वेळ इंग्लंडला जावं लागेल. तिथं ब्रुकलँड्स नावाचा काँक्रीटचा गोल मार्ग १९०७ मध्ये बांधला होता. त्या मार्गावर शर्यतीत तासाला १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्या मोटरसायकलस्वाराला सोन्याचा तारा, म्हणजे गोल्ड स्टार बिल्ला मिळायचा. तो सबंध इतिहासात फक्त तीन बायकांना मिळाला. पहिली फ्लॉरेन्स ब्लेंकिरन, १९३४ मध्ये. त्याच वर्षी बिअट्रिस शिलिंग. आणि १९३९ मध्ये थेरेसा वॉलाक.

यातल्या बिअट्रिसचं थोडं सांगायलाच हवं. तिचा जन्म १९०९ चा. चौदाव्या वर्षी तिनं मोटरसायकल घेतली आणि ती स्वतः खोलून जोडायला शिकली. पुढे मँचेस्टरच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकली आणि विमानांच्या सरकारी संशोधन केंद्रात लागली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडच्या लढाऊ विमानांत एक खोट होती. विमान एकदम खाली झेपावलं की इंजिनाला इंधन नीट मिळायचं नाही आणि ते बंद पडायचं. शत्रू मागं लागलेला असताना इंजिन बंद पडणं म्हणजे मरणच. १९४१ मध्ये बिअट्रिसनं त्यावर उपाय काढला. भोक पाडलेली धातूची एक लहानशी चकती. ती इंधनाच्या वाटेत बसवली की इंधन मोजकंच जायचं. चकती बसवायला विमान कारखान्यात परत न्यावं लागत नव्हतं. ती स्वतः विमानतळावर फिरून चकत्या बसवण्याचं काम बघत होती. मोटरसायकल खोलता-जोडताना ज्या हातांना तेल लागलं होतं, त्याच हातांनी कितीतरी वैमानिकांचे जीव वाचवले.

आता पुन्हा मिठाच्या मैदानावर परतू. लाल टोपीचा तो २०० मैलांचा क्लब आठवतो ना? वेगाचा आठवडा १९४९ ला सुरू झाला. त्या क्लबात पहिली बाई आली १९७८ मध्ये. मध्ये २९ वर्षं गेली. तिचं नाव मार्शा हॉली. सिनेमात धोक्याची दृश्यं करणारी ती स्टंटबाई होती. लांबट बंद कवचाच्या मोटरसायकलमध्ये जवळजवळ आडवं पडून तिनं तासाला २२९ मैल, म्हणजे सुमारे ३६९ किलोमीटरचा विक्रम केला. मैदान तेच, मीठ तेच, मोजणीचं यंत्रही तेच. ते यंत्र काही बाई बघून वेगळं चालत नव्हतं. उशीर झाला तो बाईला सुटण्याच्या रेषेपर्यंत पोचायला.

पण उघड्या मोटरसायकलवर, म्हणजे आपण रस्त्यावर बघतो तशा बांधणीच्या गाडीवर बसून तो टप्पा गाठणारी बाई यायला आणखी ३० वर्षं लागली. तिचं नाव लेस्ली पोर्टरफिल्ड. टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात तिचं मोटरसायकल विक्रीचं दुकान. २००७ मध्ये ती बॉनव्हिलला उतरली आणि तासाला १०० मैलांच्या वर वेग असताना पडली. सात बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला छिद्र पडलं, डोक्याला मार बसला.

मैत्रिणींनो, इथं क्षणभर थांबू या. पहिल्या प्रयत्नात पडलेल्या बाईला काय काय ऐकावं लागतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. पुरुष पडला तर म्हणतात, हिंमतवान आहे, पुन्हा उठेल. बाई पडली तर म्हणतात, आधीच सांगितलं होतं, हे बाईचं काम नव्हे. शेळी मेली तरी हेच, दुकान तोट्यात गेलं तरी हेच, सरपंचपदाची पहिली निवडणूक हरली तरी हेच. एका पडण्याचा निकाल सगळ्या बायकांवर लावतात.

लेस्ली बरी झाली आणि २००८ मध्ये त्याच मिठावर परत आली. त्या वर्षी तिनं तीन विक्रम केले. सुझुकीच्या हायाबुसा गाडीवर दोन फेऱ्यांची सरासरी निघाली तासाला २३२.५२२ मैल, म्हणजे सुमारे ३७४ किलोमीटर. गिनेसच्या पुस्तकात जगातली सर्वात वेगवान मोटरसायकलस्वार बाई म्हणून तिची नोंद झाली. आदल्या वर्षीच्या पडण्यावर तिनं कोणाशी वाद घातला असेल-नसेल, दोन फेऱ्यांच्या आकड्यांनी बोलायचं ते बोलून टाकलं.

तरीही आम्ही या गोष्टीतून ‘हिंमत करा, सगळं जमतं’ एवढंच सांगणार नाही. त्या मिठावर माणसं मेलीही आहेत. नुसती हिंमत तिथं कामाची नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका मिठाच्या सरोवरावर व्हॅलेरी थॉम्सन या बाईची कवचबंद मोटरसायकल तासाला सुमारे ५५० किलोमीटरच्या वेगात उधळली. गाडीचे तुकडे झाले, पण ती किरकोळ जखमांवर निभावली. तिला वाचवलं ते मजबूत कवचानं, अंगावर आवळलेल्या पट्ट्यांनी आणि हेल्मेटनं. याच्या उलट १९४८ मध्ये रोली फ्री नावाच्या गड्यानं बॉनव्हिलवर काय केलं बघा. कातडी पोशाख आधीच्या फेऱ्यांत फाटला, म्हणून तो पोहण्याची चड्डी घालून गाडीवर पालथा पडला आणि तासाला १५० मैलांचा विक्रम करून गेला. तो फोटो जगप्रसिद्ध आहे. पण आज तसा कोणी आला तर तपासनीस त्याला रांगेतही उभं करणार नाहीत. ते नियम अनेकांच्या हाडांची किंमत मोजून शिकलेले आहेत.

त्या मैदानाचीही काळजी वाटावी अशी स्थिती आहे. मिठाचा थर पूर्वीपेक्षा पातळ झाला आहे. आजूबाजूच्या भागातून खतासाठी लागणारं पोटॅश काढण्यासाठी खारं पाणी वर्षानुवर्षं उपसलं गेलं. त्याचा परिणाम किती, यावर तिथं वाद चालू आहे. मैदान ओलं किंवा खराब असल्यामुळे २०१४, २०१५ आणि २०२२ मध्ये वेगाचा आठवडा रद्दच करावा लागला. जमिनीतून किती काढायचं आणि तिला परत किती द्यायचं, हा प्रश्न विहिरीवर भांडणाऱ्या आपल्या गावांना नवा नाही.

आता आपल्या अंगणात काय घ्यायचं ते बोलू. गावात हल्ली कितीतरी मुली आणि सुना स्कूटी शिकतायत. दूध डेअरीला, दवाखान्यात, बँकेत जायला कोणाच्या मागं बसायची वाट बघावी लागत नाही, यात मोठं सुख आहे. आपल्याकडेही पायऱ्या आहेतच. आधी शिकाऊ लायसन्स, ते सहा महिने चालतं. ते मिळून ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. हे दिवस कागद फिरवण्यात घालवू नका, मोकळ्या माळावर गाडी आवरायला शिकण्यात घालवा. हेल्मेट चालवणारीनं घालायचं आणि मागं बसणारीनंही, कायद्यानं दोघींना सक्तीचं आहे. नुसतं डोक्यावर ठेवायचं नाही, हनुवटीखालचा पट्टा लावायचा. पदर आणि ओढणी खोचून बसायचं, गाडीला साडीगार्ड आहे की नाही ते बघायचं. आणि कोणी नवखी शिकत असेल तर बांधावर उभं राहून हसण्यापेक्षा तिच्या गाडीमागं चार पावलं चालायचं.

या महिन्याच्या बैठकीत एक करा. गटातल्या प्रत्येकीनं एक पहिली खेप सांगायची. पहिली सही, पहिलं कर्ज, ग्रामसभेतलं पहिलं बोलणं, गाडीवरचं पहिलं पडणं, काहीही. तेव्हा जवळ कोण उभं होतं तेही सांगायचं. आणि इतिवृत्ताच्या वहीत तारीख घालून ते लिहून ठेवायचं. आम्हालाही कळवा, पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवू.